ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कार मॅन्युअल करायचीय? मग गिअरबॉक्स घ्यायच्या आधी हे वाचा

मॅन्युअल कन्व्हर्जनचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, सगळ्यात मजबूत गिअरबॉक्स कुठला? माझं सरळ मत आहे की हा प्रश्न तिसऱ्या नंबरवर यायला पाहिजे. पहिला प्रश्न, तुमच्याच गाडीला कंपनीने कधी मॅन्युअल दिला होता का आणि त्याचं सगळं सामान मिळतंय का. दुसरा, त्या गिअरबॉक्सचे रेशो (प्रत्येक गिअरला इंजिनचे किती फेरे झाले की बाहेरचा शाफ्ट एकदा फिरतो तो आकडा) तुमच्या डिफबरोबर (डिफरन्शियल, चाकांना ताकद वाटून देणारा शेवटचा गिअर संच) जमतात का. या दोन्हीची उत्तरं मिळाली की मगच मजबुतीकडे वळायचं, कारण कितीही तगडा बॉक्स आणला आणि पहिला गिअर निघाल्या निघाल्या संपायला लागला किंवा लिव्हर हँडब्रेकच्या मागे आली तर गाडी चालवायची मजा गेलीच, आणि आपण हा सगळा उद्योग त्या मजेसाठीच करतोय ना.

सगळ्यात आधी तुमची गाडी कुठल्या प्रकारची "ऑटोमॅटिक" आहे ते बघा, याने कामाचा आकारच बदलतो. टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी ऑइलमधून ताकद पुढे देणारी) खरी ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्स पूर्ण बदलावा लागणार. पण बीएमडब्ल्यू ई४६ एम३ ची एसएमजी, फेरारी ३६० किंवा एफ४३० ची एफ१, लॅम्बोर्गिनी गयार्डोची ई-गिअर, या सगळ्यांमध्ये आतला गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच आहे, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम हायड्रॉलिक पंप आणि अ‍ॅक्चुएटर करतात. तिथे नवीन बॉक्स शोधत बसायची गरज नाही, पेडल, क्लचचं हायड्रॉलिक, लिव्हर आणि लिंकेज किंवा केबल, आणि ईसीयूचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) कोडिंग एवढ्यावर काम येतं. तिसरा प्रकार ड्युअल क्लच (दोन क्लच आपोआप आळीपाळीने चालवणारा), निसान आर३५ जीटी-आर सारखा, ज्याला कंपनीने मॅन्युअल कधी दिलाच नाही आणि वर गिअरबॉक्स मागच्या चाकांजवळ बसवलाय, तिथे प्रत्येक पार्ट बनवून घ्यावा लागतो, त्यामुळे पहिलंच कन्व्हर्जन म्हणून अशा गाडीला हात लावू नका असं मी मनापासून सांगेन.

आता खरी ऑटोमॅटिक धरून पुढे जाऊ. तुमच्या मॉडेलला मॅन्युअल व्हर्जन असेल तर पहिली पसंती त्याचाच गिअरबॉक्स, आणि यात आळस हे कारण नाहीये, बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचा इंजिनला जोडणारा घंटेसारखा पुढचा भाग) इंजिन ब्लॉकवर बसतं, क्रॉसमेंबरची (गिअरबॉक्स खालून धरणाऱ्या आडव्या पट्टीची) भोकं जमतात, प्रॉपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सपासून मागच्या डिफपर्यंतच्या दांड्याची) लांबी माहीत असते, पेडल बॉक्स मिळतो, स्पीडोचा सेन्सर जुळतो, आणि लिव्हर कन्सोलच्या भोकातून बरोबर वर येते. यातली प्रत्येक गोष्ट वेगळी बनवून घ्यायला गेलात की एकेक आठवडा जातो. शक्य असेल तर एकच अपघातात गेलेली मॅन्युअल गाडी अख्खी घ्या, कारण सुटे पार्ट जमवताना बारीक गोष्टी राहतात, म्हणजे क्लच पेडलचा स्विच, रिव्हर्स लाइटच्या स्विचचा कनेक्टर, फ्लायव्हीलचे बोल्ट, बेलहाउसिंगच्या डॉवेल पिना, ब्लॉक आणि गिअरबॉक्सच्या मधली पातळ पत्र्याची प्लेट. ही प्लेट विसरली तर स्टार्टर नीट बसत नाही आणि मग लोक स्टार्टरलाच दोष देत बसतात.

पण इथे एक गोष्ट तपासायचीच, एकाच मॉडेलला कंपनीने एकापेक्षा जास्त मॅन्युअल दिलेले असू शकतात आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. टोयोटा सुप्राचं चौथं मॉडेल घ्या. बिनटर्बो गाडीला डब्ल्यू५८ पाच स्पीड होता आणि ट्विन टर्बोला गेट्रागचा व्ही१६० सहा स्पीड. डब्ल्यू५८ हलका आहे, शिफ्ट छान आहे, बिनटर्बो इंजिनाला पुरतो, पण मोठा टर्बो लावून त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. व्ही१६० अतिशय मजबूत, पण आता दुर्मिळ आणि त्यामुळे महाग. म्हणून मधला रस्ता म्हणून आर१५४ वापरतात, जो आधीच्या टर्बो सुप्रामध्ये यायचा आणि योग्य बेलहाउसिंग घेतलं की टोयोटाच्या १जेझेड आणि २जेझेड या दोन्ही इंजिनांवर बसतो. मॉडेलचं नाव तेच आहे म्हणून गिअरबॉक्सही तोच असेल असं धरून पैसे देऊ नका, केसवरचा कोड वाचा, फोटो मागवा, आउटपुट शाफ्टचे दात मोजायला सांगा.

आणि गिअरबॉक्स बदलला म्हणून इंजिन मॅन्युअलवालं होत नाही हेही लक्षात ठेवा. माझदा आरएक्स-८ ची सहा स्पीड मॅन्युअल ९००० आरपीएमपर्यंत जायची, ऑटोमॅटिकची रेडलाइन ७५०० होती, आणि सुरुवातीच्या ऑटोमॅटिकला इंजिनच कमी इनटेक पोर्टचं (हवा आत घेणाऱ्या तोंडांचं) होतं. अशा गाडीत मॅन्युअल टाकलात तर गिअर टाकायचा आनंद मिळेल, पण मॅन्युअलवाल्या गाडीची ताकद मिळणार नाही. आधीच माहीत असेल तर नंतर जीव खट्टू होत नाही.

आता रेशो. मला या सगळ्या विषयात हा भाग सगळ्यात जास्त आवडतो आणि लोक नेमका हाच सोडून देतात. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, निघताना तो स्वतःच टॉर्क वाढवून देतो, आणि जुन्या ऑटोमॅटिकला गिअरही कमी असतात, त्यामुळे कंपनी बऱ्याचदा ऑटोमॅटिक गाडीला वेगळा डिफ रेशो देते. ट्विन टर्बो सुप्राचंच बघा, ऑटोमॅटिकला ३.७७ च्या आसपास आणि मॅन्युअलला त्यापेक्षा लांब, म्हणजे आकड्याने लहान. तुम्ही फक्त गिअरबॉक्स बदलला आणि डिफ तोच ठेवला तर काय होतं ते हिशोब करून बघू.

हिशोब सोपा आहे. वेग किमी प्रति तासात घ्या, १६.६७ ने गुणा, टायरच्या घेराने (मीटरमध्ये) भागा, म्हणजे चाकाचे मिनिटाला फेरे आले. त्याला गिअरच्या रेशोने आणि मग डिफच्या रेशोने गुणलं की इंजिनचे आरपीएम. २५५/४०/१७ टायरचा घेर जवळपास २ मीटर भरतो, म्हणजे ताशी १०० ला चाक मिनिटाला ८३३ वेळा फिरतं.

व्ही१६० चा पहिला गिअर ३.८२७ आहे. ३.७७ च्या डिफबरोबर गुणलं तर १४.४ येतात, म्हणजे ७००० आरपीएमला पहिला गिअर ताशी ५८ लाच संपतो. टर्बो गाडीला हे फारच आखूड, चाकं नुसती जागेवर फिरतात आणि लगेच दुसरा टाकावा लागतो. तोच बॉक्स ३.२७ च्या डिफबरोबर लावा, पहिला गिअर ६७ पर्यंत जातो आणि सहाव्यात ताशी १०० ला आरपीएम सुमारे २४९० वरून २१६० वर येतात. म्हणजे हा गिअरबॉक्स लांब डिफसाठीच बनलाय. आता आर१५४ बघा, पहिला ३.२५१, तुमचा ऑटोमॅटिकवाला ३.७७ चा डिफ तसाच ठेवला तरी पहिला गिअर ६८ पर्यंत जातो आणि पाचव्यात (०.७५३) ताशी १०० ला सुमारे २३६५ आरपीएम. म्हणजे ज्याला डिफला हात लावायचा नाहीये त्याच्यासाठी जुना पाच स्पीड जास्त जुळतो, सहा स्पीडपेक्षा! सहा हा आकडा बघून हुरळून जायचं नाही ते यासाठीच.

तिसरं उदाहरण ट्रेमेक टी५६ मॅग्नम. याचे दोन संच मिळतात, एकाचा पहिला २.६६ आणि सहावा ०.६३, दुसऱ्याचा पहिला २.९७ आणि सहावा ०.५०. ३.७७ च्या डिफवर २.६६ वाला पहिल्या गिअरला ताशी ८४ च्या आसपास जातो, भरपूर टॉर्कच्या व्ही८ ला हे मस्त, पण दोन लिटरच्या, टर्बो भरायला वेळ घेणाऱ्या इंजिनाला प्रत्येक सिग्नलवर अर्धा क्लच धरून निघावं लागेल आणि क्लच प्लेट जळेल. २.९७ वाल्याचा सहावा ०.५० आहे, ताशी १०० ला साधारण १५७० आरपीएम, मोठ्या इंजिनाला हायवेवर शांत, लहान इंजिन मात्र तिथे ओढणारच नाही, तो गिअर नुसता शोभेला राहील.

फक्त पहिला आणि शेवटचा बघून थांबू नका, गिअर बदलल्यावर आरपीएम किती पडतात ते प्रत्येक टप्प्याचं काढा. पुढचा रेशो भागिले आधीचा रेशो, गुणिले शिफ्टचे आरपीएम. आर१५४ मध्ये ७००० ला पहिल्यातून दुसऱ्यात गेलात की साधारण ४२०० ला येता, व्ही१६० मध्ये दुसऱ्यातून तिसऱ्यात ५००० ला. तुमचा टर्बो ४५०० ला जागा होत असेल तर आर१५४ च्या त्या पहिल्या शिफ्टला दरवेळी खड्डा जाणवणार. डायनो शीट (इंजिनची ताकद मोजलेला आलेख) असेल तर समोर ठेवा आणि प्रत्येक शिफ्टनंतर इंजिन पॉवर बँडमध्ये (चांगली ताकद मिळते त्या आरपीएममध्ये) पडतंय का ते बघा, एका कागदावर तासाभरात होतं हे काम. टायरचा साइज बदलणार असाल तर नवीनच साइज धरा.

सुबारूवाल्यांनी इथे जरा थांबा. तुमच्या गाडीत पुढचा डिफ गिअरबॉक्सच्या आतच असतो, त्यामुळे गिअरबॉक्स बदलला की पुढची फायनल ड्राइव्ह बदलली. मागचा डिफ त्याच रेशोचा नसेल तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत राहणार आणि सेंटर डिफ (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा) जाणार. गिअरबॉक्सबरोबर जुळणारा मागचा डिफ घेतल्याशिवाय काम सुरूच करू नका. बाकीच्या ऑल-व्हील ड्राइव्ह गाड्यांतही ट्रान्सफर केस कुठल्या बाजूला आहे आणि पुढचा शाफ्ट कुठून जातो हे आधी बघायचं.

आता मजबुती. कंपनीचं टॉर्क रेटिंग हे सुरुवातीला धरायचं, टी५६ मॅग्नमचं साधारण ९५० एनएम, ट्रेमेकच्याच पाच स्पीड टीकेएक्सचं ८१० च्या आसपासपर्यंत. पण गिअरबॉक्स मोडतो तो झटक्याने, नुसत्या आकड्याने नाही. जड गाडी, चिकट टायर, लाँचला (उभ्या गाडीतून जोरात निघताना) क्लच एकदम सोडायची सवय, हे तिन्ही एकत्र आले तर रेटिंगच्या आतला टॉर्कही दात उडवतो, आणि हलकी गाडी, साधे टायर, शांत पाय असेल तर रेटिंगच्या थोडं वर असूनही बॉक्स वर्षानुवर्षं चालतो. टर्बोचा टॉर्क एकदम उसळून येतो म्हणून टर्बो इंजिनाला जास्त राखीव ठेवा, मी तरी निदान एक चतुर्थांश जास्तीचा बॉक्स बघेन. पुढे बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवायचा विचार मनात असेल तर तो आकडा आजच धरा, कारण बेलहाउसिंग, शाफ्ट, माउंट सगळं एका बॉक्सप्रमाणे बनवल्यावर परत बदलणं म्हणजे सगळं नव्याने.

अजून एक बारकावा. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीतल्या नेहमीच्या गिअरबॉक्समध्ये १.०० चा गिअर सरळ जातो, ताकद खालच्या लेशाफ्टवरून (समांतर दुसऱ्या शाफ्टवरून) जात नाही, म्हणून तो सगळ्यात दणकट. आर१५४ मध्ये तो चौथा, व्ही१६० आणि निसानच्या सीडी००९ मध्ये पाचवा. त्याच्या वरचे ओव्हरड्राइव्ह गिअर (रेशो १ पेक्षा कमी असलेले) मात्र नाजूक असतात, तेव्हा सहाव्यात कमी आरपीएमला पूर्ण थ्रॉटल द्यायची सवय लावून घेऊ नका, बॉक्स कितीही महागाचा असला तरी.

सीडी००९ चा विषय निघालाच आहे तर, हा निसान ३५०झेड चा सुधारलेला सहा स्पीड, आधीच्या बॉक्समध्ये सिंक्रोच्या (गिअर टाकताना दोन भागांचा वेग जुळवणाऱ्या रिंगच्या) तक्रारी होत्या त्या यात खूप कमी झाल्या, आणि दणकट असूनही त्यामानाने परवडतो म्हणून टोयोटाचं जेझेड, निसानचं आरबी, जीएमचं एलएस अशा कुठल्याही इंजिनामागे लोक तो लावतात. पण त्याचं बेलहाउसिंग केसबरोबर एकाच ओतकामात आहे, वेगळं निघत नाही, त्यामुळे बऱ्याच अ‍ॅडॉप्टर किटमध्ये पुढचा भाग कापावा लागतो. कापला की तो बॉक्स परत निसानला बसत नाही. शिवाय लांबीने आणि अंगाने मोठा आहे, लहान गाडीच्या टनेलमध्ये हातोडा चालवावा लागतो. पहिले तिन्ही गिअर मजबूत आणि सिंक्रो चांगले असल्याने ज्यांच्या गाडीला स्वतःचा चांगला मॅन्युअल नाही किंवा मिळतच नाही त्यांच्यासाठी मी हा बॉक्स नक्की सुचवेन. पण स्वतःचा मॅन्युअल मिळत असताना, फक्त नाव मोठं म्हणून, नको.

मापं घ्यायची ती अशी. ब्लॉकच्या मागच्या सपाट भागापासून लिव्हरच्या भोकाच्या मध्यापर्यंत, तिथून माउंटपर्यंत, आणि आउटपुट शाफ्टच्या टोकापर्यंत, ही तीन मापं तुमच्या गाडीत घ्या आणि तीच मापं विकणाऱ्याकडून घ्या. काही आफ्टरमार्केट बॉक्सना लिव्हर बसवायला दोन-तीन जागा दिलेल्या असतात, तो मोठा फायदा. टनेलची रुंदी बेलहाउसिंगच्या मागे लगेच मोजा, अडचण नेहमी तिथेच येते. एक्झॉस्ट कुठून जातो, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या दाबाने क्लच ढकलणारा) बाहेर असेल तर त्याला जागा आहे का, स्टिअरिंग शाफ्टला लागतोय का, हे सगळं. प्रॉपेलर शाफ्ट जवळपास नक्कीच नवीन लांबीचा लागणार, पण तो गिअरबॉक्स आणि इंजिन शेवटच्या माउंटवर बसल्यावरच मोजून बनवा, आधी अंदाजाने नको.

स्लेव्ह आत असलेला असेल, म्हणजे रिलीज बेअरिंगच्या मागेच गोल सिलिंडर, तर जागा वाचते पण गळला की अख्खा गिअरबॉक्स खाली. ३५०झेड च्या शेवटच्या वर्षांच्या आणि ३७०झेड च्या आतल्या स्लेव्हची ही तक्रार जगजाहीर आहे. जिथे निवडायला वाव असेल तिथे मी बाहेरचा स्लेव्ह आणि काटा घेईन. आतलाच असेल तर बेअरिंग आणि प्रेशर प्लेटच्या बोटांमधली फट मोजून, किटमध्ये सांगितली असेल तेवढीच ठेवा.

इंजिनच्या बाजूला दोन गोष्टी हमखास राहतात. एक, क्रँकच्या टोकाचं पायलट बेअरिंग. ऑटोमॅटिकला त्याची गरज नसते, तिथे कन्व्हर्टरचा हब बसतो, त्यामुळे काही इंजिनांत ते भोक योग्य मापाचं कापलेलंच नसतं. गिअरबॉक्स विकत घ्यायच्या आधी हे बघता आलं तर उत्तम, कारण इनपुट शाफ्टच्या टोकाचा व्यास आणि लांबी यावरच अवलंबून आहे. दुसरं, बॅलन्स. काही इंजिनांचा तोल बाहेरून, म्हणजे फ्लेक्सप्लेट (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असलेली पातळ प्लेट) किंवा फ्लायव्हीलवरच्या वजनाने साधलेला असतो, फोर्डचा १९८० च्या दशकातला ५.० व्ही८ तसा आहे, तिथे चुकीच्या वजनाचं फ्लायव्हील लावलं तर इंजिन थरथरून बेअरिंग खाईल. फ्लेक्सप्लेटचे बोल्ट फ्लायव्हीलला वापरू नका, लांबी वेगळी असते. आणि क्रँकचा पुढे-मागे होणारा प्ले मोजा, क्लच दाबला की क्रँक पुढे ढकलला जातो, थ्रस्ट बेअरिंग आधीच झिजलेलं असेल तर मॅन्युअल केल्यावर ते पटकन संपेल.

वापरलेला बॉक्स घेताना ऑइल तुमच्यासमोर काढायला सांगा. बारीक सोनेरी चमक असेल तर सिंक्रोची झीज, ती थोडी चालते, पण लोखंडाचे कण किंवा तुकडे दिसले तर सरळ परत फिरा. इनपुट शाफ्ट हाताने वर-खाली हलवा, फिरवत फिरवत प्रत्येक गिअर टाकून बघा, रिव्हर्ससुद्धा, खरखर होते का, गिअर पडून परत सुटतो का. बेलहाउसिंगचे कान आणि माउंटच्या जागा तडकलेल्या नाहीत ना ते उजेडात बघा. आर१५४ घेत असाल तर पहिल्या गिअरचा थ्रस्ट वॉशर ही त्याची माहीत असलेली कमजोरी, बॉक्स बाहेर आहे तोवरच चांगल्या प्रतीचा बसवून घ्या.

वायरिंगचा विचारही गिअरबॉक्स ठरवतानाच करायचा. जुन्या गाडीत न्यूट्रल स्विचची वायर क्लच स्विचला जोडली, रिव्हर्सचा दिवा जोडला की बरंचसं काम झालं. नव्या गाडीत ईसीयू, एबीएस आणि मीटर सगळे गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडून निरोप येईल म्हणून वाट बघत असतात, तो नाही आला की इंजिन लिम्प मोडमध्ये, म्हणजे जपून, कमी ताकदीने चालतं. म्हणून मॅन्युअलचा ईसीयू, किंवा मॅन्युअलचं कोडिंग करता येणारा माणूस, किंवा स्टँडअलोन ईसीयू (कंपनीचा नसलेला, स्वतः सेट करायचा), यातलं एक आधी नक्की करा. स्पीड सेन्सरचे एका फेऱ्याला किती पल्स येतात तेही विचारा, नाहीतर मीटर चुकीचा वेग दाखवेल. आणि बदल केल्यावर रजिस्ट्रेशन आणि विम्याला कळवायचं असतं, तुमच्याकडचे नियम आधी वाचून घ्या.

बसवताना, अ‍ॅडॉप्टर प्लेट किंवा वेगळं बेलहाउसिंग वापरलं असेल तर डायल गेज लावून बेलहाउसिंगचं भोक क्रँकशी एककेंद्री आहे का ते तपासायचंच. ट्रेमेकची मर्यादा एकूण ०.००५ इंच, म्हणजे ०.१३ मिमीच्या आत. त्याच्या बाहेर असेल तर डॉवेल पिना बदलून जुळवा. हे न केल्यामुळे गिअर अडकतात, इनपुट बेअरिंग जातं, आणि दोष नवीन गिअरबॉक्सवर येतो. शाफ्टचे दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि उलट, साधारण ३ अंशांच्या आत ठेवा. ऑइल गिअरबॉक्स बनवणाऱ्याने सांगितलं तेच, टी५६ मॅग्नममध्ये डेक्सरॉन ३ एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल) जातं, जाड गिअर ऑइल नाही, आणि पितळी सिंक्रोच्या बॉक्समध्ये जीएल-४ (गिअर ऑइलचा एक दर्जा) सांगितलं असेल तर जीएल-५ घालू नका. रेडिएटरमधून जाणाऱ्या ऑटोमॅटिकच्या कूलर लाइन काढून तोंडं नीट बंद करा.

नवीन क्लच बसायला साधारण ८०० किमी द्या, तेवढे दिवस लाँच नाही, पूर्ण बूस्ट नाही, शहरात सतत गिअर बदलत चालवा, मग ऑइल काढून बघा, माउंटचे आणि शाफ्टचे बोल्ट परत टॉर्क रेंचने तपासा, आणि मग गाडी ट्रॅकवर घ्या.